उभ्या गाडीचा पहारा



मागच्या अंकातील घरगुती वायरिंगच्या लेखानंतर दोन-तीन ड्रायव्हर बांधवांनी एकच प्रश्न विचारला आहे. गाडी रात्री रस्त्यावर उभी असते. पुढच्या काचेला लावलेला कॅमेरा, ज्याला डॅशकॅम म्हणतात, तो रात्रभर चालू ठेवला तर बॅटरी उतरते आणि बंद ठेवला तर लावल्याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. हा प्रश्न माझ्या बहिणीच्या घरीही येऊन गेला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या भाच्याने कर्ज काढून टुरिस्ट गाडी घेतली. वस्तीत गाडी उभी करायला जागा नाही, म्हणून तो पलीकडच्या सोसायटीच्या भिंतीलगत रस्त्यावर ती लावतो. एके दिवशी सकाळी सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या गाडीचा दरवाजा घासलेला दिसला. पाहिले कोणीच नव्हते. तरी "वस्तीतल्या गाडीवाल्याचंच काम" असा निकाल उभ्या उभ्या लागला. दहा माणसे जमली, आवाज चढले आणि भाच्याने शेवटी आठ हजार रुपये मोजले. त्या महिन्याचा हप्ता उसनवारीने भरला. मला तो म्हणाला, "मामा, पैशाचं एवढं वाटत नाही. पण पोरीच्या देखत मला खोटारडा म्हणाले, ते विसरता येत नाही."

आपल्या माणसाचा शब्द लवकर कोणी धरत नाही, हा आपला जुना अनुभव आहे. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे अभिवादनासाठी गेलेल्यांच्या गाड्यांची तोडफोड आणि जाळपोळ झाली, हे कोणी विसरलेले नाही. अशा वेळी नुसत्या सांगण्याला किंमत येत नाही. पुरावा लागतो. भाच्याने कॅमेरा घेतला तो चैन म्हणून नव्हे.

पण घाई झाली. दुकानातल्या पोराने कॅमेऱ्याची वायर सरळ गाडीच्या बॅटरीला जोडून दिली आणि "साहेब, काही होत नाही" असे सांगितले. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी सारे घर रेल्वेने नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. तीन दिवस गाडी जागेवर उभी होती. परत आल्यावर पहाटेचे भाडे होते. भाच्याने सेल मारला, तर नुसती कटकट. भाडे गेले, गिऱ्हाईक तुटले आणि आधीच जुनी झालेली बॅटरीही बदलावी लागली.

अक्काचे शिक्षण चौथीपर्यंतचे. तिने एकच प्रश्न केला. "गाडी झोपली, पण कॅमेरा तीन दिवस जागाच होता ना? मग त्याला भाकरी कोणी घातली?"

सगळे शास्त्र या प्रश्नात आहे. भाच्याची मुलगी नववीत शिकते. तिला वही घेऊन बसवले आणि हिशेब मांडायला लावला. वाचकांनीही आपल्या मुलामुलींकडून तो मांडून घ्यावा.

लहान गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आणि साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. १२ गुणिले ३५ म्हणजे ४२० वॅट-तास. ही झाली तिची एकूण शिदोरी. कॅमेरा सरासरी ५ वॅट खातो असे धरू. दहा तासांच्या एका रात्रीला ५० वॅट-तास लागले. चांगल्या बॅटरीला एवढे सोसते आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुरेशी चालली की ते भरूनही निघते. पण तीन दिवस म्हणजे ७२ तास, आणि ७२ गुणिले ५ म्हणजे ३६० वॅट-तास. ४२० मधून ३६० गेले, तर इंजिनाला धक्का द्यायला उरले काय?

शिवाय गाडीची बॅटरी कॅमेरे चालवण्यासाठी बनवलेली नसते. क्षणभर मोठा जोर लावून इंजिन फिरवायचे आणि मग इंजिनाकडून पुन्हा भरून घ्यायचे, एवढेच तिचे काम. ती वारंवार खोल उतरली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर धरतो आणि तिचे आयुष्य घटते. साधा मल्टिमीटर जवळ असावा. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ ला ती जवळपास निम्मी झालेली असते आणि ११.८ ला रिकामी होत आलेली असते.

यावर तीन उपाय आहेत. तिन्ही सांगतो, म्हणजे ज्याने त्याने आपल्या खिशाप्रमाणे ठरवावे.

पहिला उपाय म्हणजे फ्यूजबॉक्समधून जोडणी. यासाठी तीन तारांचा संच मिळतो. एक तार कायम विजेची, दुसरी चावी फिरवल्यावर चालू होणारी आणि तिसरी अर्थची. दुसऱ्या तारेमुळे गाडी बंद झाल्याचे कॅमेऱ्याला कळते आणि तो पार्किंग मोडमध्ये जातो. चांगल्या संचात ठरलेल्या व्होल्टला वीज आपोआप तोडण्याची सोय असते. ती १२ व्होल्टच्या खाली ठेवू नये. भाच्याच्या जोडणीत नेमकी हीच सोय नव्हती. हा उपाय स्वस्त आहे, पण बॅटरी जुनी असेल तर मध्यरात्रीच वीज तुटते आणि पहारा संपतो. गाडी वॉरंटीत असेल तर तारा कापण्याआधी चौकशी करावी.

दुसरा उपाय साधी पॉवर बँक. २०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तास. गळती वजा जाता पन्नासेक हाती लागतात. म्हणजे एक रात्र निघते. जो रोज गाडी काढतो आणि रोज घरी पॉवर बँक चार्ज करू शकतो, त्याला हे पुरते.

तिसरा उपाय पोर्टेबल पॉवर स्टेशन. म्हणजे हातात धरून नेता येईल अशी विजेची पेटी. आत लिथियमची बॅटरी असते आणि बाहेर मोबाईलच्या वायरीचे, गाडीच्या लायटरसारखे १२ व्होल्टचे आणि घरातल्यासारखे २३० व्होल्टचे सॉकेट असतात. लहान पेटी साधारण २५० वॅट-तासांची आणि साडेतीन किलोच्या आसपास असते. भाच्याने अखेर हीच घेतली, कारण त्याची गाडी कधी कधी दोन-दोन दिवस उभी राहते. कॅमेरा पेटीवर जेवतो आणि गाडीच्या बॅटरीला हातही लागत नाही.

हिशेब इथेही करावा. २५० पैकी २०० वॅट-तास खरोखर हाती येतात असे धरा. ५ ने भागले की ४० तास झाले. पण पेटी स्वतः चालू राहायलाही थोडी वीज खाते, म्हणून ३० तासच मोजा. दहा-दहा तासांच्या तीन रात्री निघाल्या. गाडी धावत असताना लायटरच्या सॉकेटमधून पेटी भरता येते. १०० वॅटने भरली तर अडीच-तीन तास लागतात. घरी भरली तर एका वेळेला साधारण पाव ते तृतीयांश युनिट पडते. खर्च पाच रुपयांच्या आत राहतो.

आता चुका कुठे होतात ते पाहा. कॅमेरा २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नये. ती वीज तयार करतानाच पेटी बरीचशी शक्ती गमावते. मोबाईलच्या वायरीचे किंवा १२ व्होल्टचे सॉकेट वापरावे. बऱ्याच पेट्या भार फार कमी दिसला की काही वेळाने आपोआप बंद होतात. ती सोय सेटिंगमधून काढून टाकावी, नाहीतर रात्री दोनला पहारेकरी झोपायचा. पेटीवर जोडलेल्या कॅमेऱ्याला गाडी बंद झाल्याचे कळतेच असे नाही. काही कॅमेरे हालचाल थांबली की स्वतः पार्किंग मोडमध्ये जातात, काहींना ती दुसरी तार लागतेच. विकत घेण्यापूर्वी हे विचारावे, आणि दुकानात चालवूनच पाहावे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. बाजारातही तेच धोरण ठेवावे.

सर्वांत मोठी काळजी उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीचा आतला भाग भट्टीसारखा तापतो आणि लिथियमला उष्णता सोसत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची पेटी इतरांपेक्षा सुरक्षित समजली जाते, पण तीही उन्हात ठेवायची वस्तू नव्हे. दिवसा ती घरात आणावी. रात्री सीटखाली पायाशी, पट्ट्याने बांधून ठेवावी. डॅशबोर्डवर कधीही ठेवू नये. जोराचा ब्रेक लागला तर साडेतीन किलोचा तो दगड डोक्यात बसेल. पेटी फुगली, वास आला किंवा पडून चेपली तर वापर त्याच दिवशी बंद करावा. भारतीय मानक ब्युरोची खूण पाहिल्याशिवाय स्वस्ताच्या मोहाने माल घेऊ नये.

किमतीचेही स्पष्ट सांगतो. ही पेटी पॉवर बँकेच्या कितीतरी पट महाग असते. केवळ कॅमेऱ्यासाठी कर्ज काढून ती घेऊ नये. भाच्याच्या घरी वीज गेली की त्याच पेटीवर मुलीचा अभ्यास चालतो. ९ वॅटचा एलईडी दिवा तिच्यावर पंधरा-वीस तास जळतो. हा दुसरा उपयोग होता, म्हणूनच अक्काने होकार दिला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. देशाच्या विजेचा विचार ज्यांनी केला, त्यांच्या लेकरांना घरातल्या विजेचा हिशेब यायलाच हवा.

आता पुराव्याबद्दल. कॅमेऱ्यातले कार्ड भरले की नवे चित्रण जुन्यावर चढते. म्हणून काही घडले तर त्याच दिवशी कार्ड काढून जपून ठेवावे आणि दुसरे घालावे. कॅमेऱ्यातील तारीख व वेळ बरोबर आहे ना, हे आठवड्याला पाहावे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल कोर्टात द्यायची तर ठरलेले प्रमाणपत्र लागते, पण मूळ साधनाचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून ते साधन हजर करत असेल तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही, असे त्यात सांगितले आहे. तो निकाल जुन्या कायद्याखालचा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. तात्पर्य, मोबाईलवर पाठवलेल्या नकलेवर विसंबू नका. मूळ कार्ड सांभाळा आणि वकिलाचा सल्ला घ्या.

एक गोष्ट माता-भगिनींच्या वतीने. कॅमेरा गाडीसाठी आहे, शेजाऱ्यांच्या घरात डोकावण्यासाठी नाही. कोणाच्या दारावर, नळावर किंवा खिडकीवर त्याचे तोंड करू नये. गाडी उभी असताना आवाजाची नोंद बंद ठेवावी. कोणाचे चित्रण गंमत म्हणून मोबाईलवर फिरवू नये. ज्याने आपली अब्रू राखायची, त्याने दुसऱ्याची घेऊ नये.

शेवटी काय झाले ते सांगून थांबतो. पावसाळ्यात भाचा तापाने आजारी पडला आणि गाडी दोन रात्री उभी होती. दुसऱ्या सकाळी समोरच्या एका गाडीचा आरसा तुटलेला आणि बोट पुन्हा वस्तीकडे. भाचा अंगावर चादर घेऊन खाली उतरला. भांडला नाही. कार्ड काढून त्याने चित्रण दाखवले. पहाटे पाण्याचा टँकर मागे घेताना तो आरसा उडाला होता, टँकरचा नंबरही दिसत होता. मंडळी गप्प झाली. गाडीमालकांनी हात पुढे केला आणि "माझी चूक झाली" म्हणाले. भाच्यानेही हात दिला.

पोर शेजारीच उभी होती. घरी येऊन तिने वही उघडली आणि मला फोन करून सांगितले, "आजोबा, दुसरी रात्र संपली तरी पेटीत दहा तासांची वीज बाकी होती. हिशेब बरोबर आला."

जयभीम! नमो बुद्धाय!