नजरेची साक्ष

नजर चुकवणारा माणूस काहीतरी लपवतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. चावडीवरच्या पंचांपासून पोलीस ठाण्यापर्यंत ही कसोटी चालत आली. डोळ्यांची हालचाल टिपून आरोपीचे मन पारखू पाहणारे यंत्र आता न्यायवैद्यक मनोविकारशास्त्रात येऊ घातले आहे. त्याला साक्षीला बोलावण्यापूर्वी त्याची कुळकथा ऐकून घ्यावी.

१९०८ मध्ये अमेरिकेत रेमंड डॉज आणि ॲलन डिफेनडॉर्फ यांनी मनोरुग्णांच्या डोळ्यांच्या हालचाली कॅमेऱ्याने नोंदवल्या. संथ सरकणाऱ्या वस्तूमागे निरोगी माणसाची नजर सलग जाते. आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, त्या आजाराच्या रुग्णांची मात्र ठेचकाळत जाते, असे त्यांना दिसले. १९७३ मध्ये फिलिप होल्झमन यांनी हाच धागा पुन्हा उचलला. पण पुढच्याच वर्षी त्यांच्या अभ्यासात रुग्णांच्या काही धडधाकट नातलगांची नजरही तशीच अडखळताना आढळली. थकवा आणि गुंगीची औषधेही ती अडखळवतात. आरोपी तर अनेकदा कोठडीत रात्र जागून, गोळ्या घेऊनच तपासणीला येतो.

कायद्याचा प्रश्न त्याहून निराळा आहे. इंग्लंडमध्ये १८४३ साली मॅकनॉटन खटल्यानंतर मनोविकाराच्या बचावासाठी ठरलेले सूत्र आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत कलम ८४ म्हणून आले आणि आज न्यायसंहितेच्या कलम २२ मध्ये आहे. कृत्य करतेवेळी आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे आरोपीला कळू शकत होते का, एवढेच ते विचारते. यंत्र टिपते ती आजची नजर. गुन्ह्याच्या घटकेला ते हजर नव्हते.

यंत्रावर भाळण्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खूनखटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींची चाचणी ग्राह्य धरली, तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि अशा मेंदूचाचण्या संमतीवाचून करण्यास मनाई केली. डोळ्यांच्या चाचणीलाही तोच दंडक हवा.

उपचारांत आणि संशोधनात या नोंदींचे मोल आहे. मुलाखत, जुने केसपेपर, नातलगांचे सांगणे यांच्या जोडीला त्या जरूर असाव्यात. मात्र अशा प्रत्येक अहवालासोबत संमतीचा कागद असावा, आरोपी किती झोपला आणि कोणती औषधे घेत होता हे लिहिलेले असावे आणि तज्ज्ञाने उलटतपासणीला उभे राहावे. यंत्राची उलटतपासणी घेता येत नाही.