‘बसतो’ म्हणजे ‘चालतो’ नव्हे

गाडी जुनी झाली तरी ती विकायला मन धजत नाही, अशी घरे महाराष्ट्रात आजही आहेत. वडिलांनी हौसेने घेतलेली पद्मिनी किंवा आजोबांची अ‍ॅम्बॅसडर अंगणात उभी असते. दसऱ्याला तिला हार पडतो आणि अधूनमधून रस्त्यावर फेरीही होते. प्रश्न येतो तो एखादा भाग निकामी झाल्यावर.

कुर्ल्याच्या कारखान्यातले पद्मिनीचे उत्पादन २००० च्या आसपास थांबले, अ‍ॅम्बॅसडरचे २०१४ मध्ये. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या, तोवर दुकानदार तिचा माल ठेवत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या टॅक्सीचीही मुदत संपली. हौशी मालकाची गरज आजवर टॅक्सीवाल्याच्या गरजेवर भागत होती, हे आता ध्यानात येते आहे.

त्यातच केवळ गाडीचे नाव सांगून भाग मिळत नाही. अ‍ॅम्बॅसडरला आधी १४८९ सीसीचे इंजिन होते, पुढे इसुझूचे आले. प्रीमियरच्या ११८ एनईचा सांगाडा फियाटचा, तर इंजिन निस्सानचे. शिवाय इंजिनाचे बोअरिंग एकदा झाले की मूळ मापाचा पिस्टन उपयोगाचा नाही. ओव्हरसाइझ लागतो, आणि तो नेमका किती, हे मागच्या कामाची नोंद असेल तरच कळते.

अशा वेळी गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘साहेब, बसवून देतो.’ दरवाजाच्या मुठीपुरते ते ठीक आहे. ब्रेकचे मात्र तसे नाही. एका चाकाला १९ मिलिमीटरचा व्हील सिलिंडर आणि दुसऱ्याला २२ चा बसवला, तर मोठ्या सिलिंडरचा जोर सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते. मागे मुले बसलेली असताना हा प्रयोग कोणी करावा?

म्हणून काही पथ्ये पाळावीत. दुकानात जाताना इंजिन व चॅसिस क्रमांक लिहून न्यावेत. जुना भाग नमुन्याला न्यावा, पण तो झिजलेला आहे हे विसरू नये. माप व्हर्नियरने घ्यावे आणि शक्यतो कंपनीच्या जुन्या पार्ट-पुस्तकाशी ताडावे. रबरी वस्तू पाकिटात राहूनही जुनी होते, तेव्हा वीस वर्षे पडून राहिलेला ‘कोरा’ ब्रेक होज घेऊ नये. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग भंगारातून तर आणूच नयेत. झालेल्या प्रत्येक कामाची मापासकट वहीत नोंद ठेवावी.

परंतु सारा भार मालकावर टाकून भागणार नाही. पन्नास वर्षांवरील मोटारींना सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली; डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. आता पुढचे पाऊल हवे. बंद पडलेल्या मॉडेलांची मापे आणि आराखडे कंपन्यांनी खुले करावेत. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि भोसरीचे लेथवाले हे भाग घडवू शकतील. त्यांच्या हाती अचूक नकाशा नाही, एवढीच अडचण आहे. जुने माप जाणणारे मेस्त्री थकत चालले आहेत. त्यांच्या बोटांतले ज्ञान कागदावर उतरले नाही, तर अंगणातल्या गाड्यांना ‘बसवून देतो’वरच दिवस काढावे लागतील.