हुशार वर्गाचे गणित आणि दहा बाय दहाची खोली

चाकणजवळच्या महाळुंग्यात कारखान्यांच्या आसऱ्याने चाळी उभ्या राहिल्या. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे. बाप रात्रपाळी करून दिवसा झोपतो, आई दुसऱ्या पाळीला जाते. या खोल्यांतली मुलेही शिष्यवृत्तीच्या जादा तासांना, म्हणजे ‘हुशार’ वर्गाला निवडली जातात, याचा आम्हांला आनंद आहे. पण तिथून येताना वहीत पन्नास-पन्नास गणिते असतात, असे पालक आम्हांला सांगतात. ती घरी समजावायची कोणी?

इंजिनिअर बाप आणि अभ्यासाचे टेबल असलेल्याची वही पूर्ण होते. दुसऱ्याची अपुरी राहते आणि तो महिन्याभरात ‘कच्चा’ ठरतो. मग परीक्षा मुलाच्या डोक्याची झाली की घराची, हा आमचा सवाल आहे.

सराव नको काय? जरूर हवा. पाढे, अपूर्णांक हाताखालून गेल्याशिवाय पक्के होत नाहीत. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात 90 मिनिटांत 75 प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे 72 सेकंद! म्हणून युक्त्या घोकून घेतल्या जातात. पण आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये एका दिवसाच्या साडेचार तासांत तीनच प्रश्न असतात. तिथे घोकलेली युक्ती चालत नाही. एकाच गणितापाशी अडून, चुकत, पुन्हा मांडत बसावे लागते. ती सवय फळ्यापाशी, शिक्षकांसमोरच लागेल. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागचे डबे बाटतील म्हणून मुलांनी गलका केला होता. आज फळा मोकळा आहे, पण गणितच घरी धाडले जाते.

केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणाने तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन तास आणि सहावी ते आठवीला दिवसाला एक तास इतकाच गृहपाठ सांगितला आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे, हे आम्ही वकील म्हणून जाणतो. पण शिक्षण हक्क कायदा, 2009 चे कलम 29 कायदाच आहे. मुलाने स्वतः शोधून, भयमुक्त वातावरणात शिकावे, असे ते बजावते. त्यातून हुशार मुले वगळलेली नाहीत.

तेव्हा घरी दोन-तीनच गणिते द्या, अवघड गणित वर्गात सोडवा आणि वही अपुरी म्हणून कोणाला वर्गाबाहेर काढू नका. हे आम्ही शाळेला सांगतो, पण संध्याकाळी आमच्या विहारांनाही कुलूपच असते! सहा ते आठ किल्ली कोणाकडे राहील आणि गणित शिकवायला कोण बसेल, हे कार्यकर्त्यांनी येत्या रविवारच्या वंदनेनंतर ठरवावे.