वारशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका!

खंडेनवमीला घरोघरी पाट मांडला जातो. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा आणि जुन्या घराण्यातील तलवार यांना एकाच हळद-कुंकवाचा मान मिळतो. अशाच एखाद्या वाड्यातील पाटावर शंभर वर्षांपूर्वीची विंचेस्टर रायफल आहे, अशी कल्पना करावी. चापाभोवतीची पोलादी कडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, कडी वर घेतली की नवे आत बसते, अशी तिची घडण. संस्थानी काळात पणजोबांनी ती शिकारीसाठी घेतली. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ती भिंतीवर गेली. त्यानंतर तिने एक बारही काढलेला नाही. मग एके दिवशी परवानाधारक वडिलांचे निधन होते. कालपर्यंत पूजेला असलेली वस्तू त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने संशयास्पद ठरते.

१९५९च्या शस्त्र कायद्यातील २१वे कलम सांगते की, परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांनी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे. वारसाला परवाना मिळाला तर ते परत मिळते, अथवा पात्र व्यक्तीला विकता येते. मुदतीत यांपैकी काहीच घडले नाही, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होते. सुतकात बुडालेल्या घराला या तरतुदीची जाणीव होईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

त्यातच २०१९च्या दुरुस्तीने आणखी एक पाचर मारली. पूर्वी एका व्यक्तीला तीन शस्त्रे बाळगता येत. ती मर्यादा दोनवर आली. मूळ मसुद्यात तर एकाचीच मुभा होती. आक्षेपांनंतर ती दोन झाली. मात्र वारसा म्हणून आलेल्या शस्त्रालाही हीच मर्यादा लागू राहील, असे कायद्याने स्पष्ट बजावले. म्हणजे शेताच्या राखणीसाठी एक आणि स्वसंरक्षणासाठी एक अशी दोन शस्त्रे ज्याच्याकडे आहेत, त्याला पणजोबांची रायफल घरात ठेवता येणार नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी या मर्यादेतून सूट आहे. खेळासाठी सूट देता येते, तर पूर्वजांच्या स्मृतीसाठी का देता येत नाही?

कालबाह्य किंवा पुरातन मूल्य असलेल्या शस्त्रांना ४५व्या कलमाने सूट दिली आहे, असे यावर सांगितले जाईल. पण त्या सूटीची अट वाचावी. दुरुस्ती करूनही जे शस्त्र चालू शकत नाही, त्यालाच ही मुभा! ज्या कुटुंबाने तीन पिढ्या तेलपाणी करून रायफल जपली, ते कुटुंब कचाट्यात; ज्याने तिला माळ्यावर गंजू दिले, तो मोकळा. निष्काळजीपणाला बक्षीस आणि जतनाला शिक्षा, हा कुठला न्याय?

हा संशय आला कोठून, हेही पाहिले पाहिजे. १८५७च्या स्वातंत्र्यसमराने हादरलेल्या इंग्रजांनी या देशाला निःशस्त्र करण्याचा चंग बांधला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८चा शस्त्र कायदा आला. त्याने भारतीयाला परवान्यासाठी साहेबाच्या दारात उभे केले आणि युरोपीय माणसाला मात्र मोकळीक दिली. १९३१च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश केला होता. स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला. परंतु प्रजेकडे संशयाने पाहण्याची दृष्टी पुरती बदलली का?

विरोधाभास असा की, ज्या ब्रिटनने आपल्याला निःशस्त्र केले, त्याने स्वतःच्या घरातील वारसा मात्र सांभाळला. तेथे १९९७ साली पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. तरीही केवळ जुनी दुर्मीळ वस्तू वा शोभेची वस्तू म्हणून ठेवलेल्या पुरातन बंदुकांना परवान्यातून सूट आहे. पळवाटांचा गैरवापर दिसताच २०२१ साली नियम कडक झाले. १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची बनावट आणि कालबाह्य काडतुसांची यादी असे काटेकोर निकष ठरले. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंतच्या बनावटीला पुरातन मानतात. शिस्त आणि स्मृती एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा.

परदेशाचे कशाला, आपल्या कोडगूकडेच पाहावे. कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना १८६१ पासून परवान्यातून सूट आहे. २०१९ साली केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली. कैलपोद सणाला तेथे घरातील बंदुकीला फुले वाहून तिची पूजा होते. याच भूमीने जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या देशाला दिले. शस्त्र घरात असणे आणि मनात हिंसा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

लग्नाच्या वरातीत गोळीबार करून निष्पापांचा जीव घेणाऱ्यांची गय होता कामा नये. गावठी कट्ट्यांचा बाजार उखडलाच पाहिजे. २०१९च्या दुरुस्तीने या गुन्ह्यांच्या शिक्षा वाढवल्या, ते योग्यच झाले. जुनी बंदूक चोरीला गेली तर ती गुन्हेगाराच्या हाती पडेल, ही भीतीही अनाठायी नाही. पण त्यावर उपाय नोंदणी आणि बंदोबस्त हा आहे. वाड्यातील स्मृती पोलीस ठाण्याच्या कोठडीत कुजवणे हा नव्हे. कट्टा वापरणारा परवाना मागायला जातच नाही. कायद्याचा बडगा बसतो तो स्वतःहून कागद घेऊन दारात जाणाऱ्यावर!

म्हणून मागणी साधी आहे. ‘वारसा शस्त्र’ असा स्वतंत्र वर्ग कायद्यात करावा. त्याची नोंद पक्की असावी, काडतुसे बाळगण्यास पूर्ण मनाई असावी, शस्त्र कुलूपबंद राहावे आणि वेळोवेळी तपासणी व्हावी. मात्र दोनच्या मर्यादेत ते मोजू नये. सांभाळणारे कोणीच उरले नाही, तर नष्ट करण्यापूर्वी ते संग्रहालयाला देऊ करावे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, घराण्यांनीही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. विनापरवाना शस्त्र माळ्यावर लपवणे म्हणजे वारसा जपणे नव्हे. २०१६च्या शस्त्र नियमांतील २५व्या नियमानुसार, परवानाधारकाने वयाची ७० वर्षे किंवा शस्त्र बाळगल्याची २५ वर्षे पूर्ण केली की, हयातीतच स्वतः निवडलेल्या वारसाच्या नावे परवान्यासाठी मार्ग खुला होतो. वडीलधाऱ्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये. शस्त्र कोणी, कधी, कशासाठी घेतले, हेही लिहून ठेवावे. कथा हरवली की उरते ते केवळ लोखंड.

पुढच्या खंडेनवमीला पाटावरची ती जागा रिकामी राहणार की भरलेली, हे सरकारच्या विवेकावर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच घराच्या जागरूकतेवरही. पूर्वजांच्या ठेव्याची पावती पोलीस ठाण्यात शोधण्याची वेळ कोणत्याही घरावर येऊ नये.