पाठभेद आणि इशारा

सामाईक कॅलेंडरातील एकच नोंद दोघांनी बदलली की पुष्कळदा पडद्यावर प्रश्न उमटतो : ‘तुमची प्रत ठेवायची की सर्व्हरवरची?’ कोणी, केव्हा, नेमके काय बदलले, याविषयी मौन. २००७ च्या कॅलडॅव प्रमाणकानुसार प्रत्येक नोंदीला ‘ईटॅग’ ही खूण असते. ती जुळली नाही की सर्व्हर बदल नाकारतो. भेद आहे एवढेच ती खूण सांगते. भेद कोणता, हे नाही. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली पाठभेद दिलेले आहेत. संपादकाचा निर्णय वाचकाला तपासता येतो. इथे मात्र पुरावा न दाखवताच वापरणाऱ्याला संपादक केले जाते, आणि एका टिचकीने सहकाऱ्याने बदललेली परीक्षेची वेळ पुसली जाते. दोन्ही पाठ शेजारी-शेजारी दाखवावेत, एवढी तरी संपादनाची नीती सॉफ्टवेअरने पाळायला हवी.