पक्क्या वहीला कोणाचा हात?

दिवाळी अंकात हिशेबाच्या वहीवर लेख आला म्हणून वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मूर्तीशेजारी वहीच मांडलेली असते, आणि त्या वहीसाठीच मला आज भांडायचे आहे. जिंतूरच्या मोंढ्यात एका अडत दुकानात मी चाळीस वर्षे मुनीम होतो. आता निवृत्त आहे. पण दसरा झाला, सोयाबीनच्या गाड्या लागल्या, की दुकानात जाऊन बसल्याखेरीज मला चैन पडत नाही.

माझे भांडण यंत्राशी नाही, हे आधीच सांगतो. संगणक दुकानात आला तेव्हा त्याच्यापुढे पहिला नारळ मीच फोडला होता. माझे भांडण आहे ते ‘एजंटाला सगळी दारे उघडी करून द्या, तो पाहून घेईल’ असे म्हणणाऱ्या शहाण्यांशी.

आमच्याकडे एजंट म्हटले की विमेवाला डोळ्यांपुढे उभा राहतो. हा एजंट निराळा. कृत्रिम बुद्धिमत्तेचा हा गडी तुमचे साधे बोलणे समजून घेतो आणि पुढची कामे आपण होऊन करीत सुटतो. 2025 सालात अँथ्रॉपिक, ओपनएआय आणि गूगल या तिन्ही कंपन्यांनी कमांड लाइनवर काम करणारे असे एजंट बाजारात आणले. कमांड लाइन म्हणजे संगणकाची ती काळी खिडकी. तिथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एक ओळ लिहायची, तिचे उत्तर घ्यायचे. गड्याच्या हाती वाण्याकडे चिठ्ठी पाठवावी, तसा हा व्यवहार. ‘अमक्याची बाकी सांग’, ‘तमक्याची पट्टी कर’. एजंटाचे बरेचसे शिक्षण मजकुरावर झालेले, म्हणून ही चिठ्ठ्यांची भाषा त्याला मानवते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला असे चिठ्ठ्या नेणारे एक साधन जोडले, की एजंट दुकानात शिरला म्हणून समजा.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. उलट, पडद्यावर कोणी कुठे टिचकी मारली हे मागाहून सांगता येत नाही. चिठ्ठी मात्र जपून ठेवता येते, चारचौघांना वाचून दाखवता येते. मग बिघडले कुठे? ते सांगण्यासाठी गेल्या वर्षीची हकीकत सांगितली पाहिजे.

आमचे छोटे शेठ पुण्याला शिकून आलेले. मुलगा गुणी, पण उतावळा. एका रात्री त्यांनी एजंटाला हुकूम सोडला, “शेतकऱ्यांच्या खात्यांतला पसारा आवर. एकच खाते दोनदा उघडले असेल तर एक कर.” आणि ते झोपायला गेले. सकाळी मला म्हणाले, “मुनीमकाका, तुमचं चार महिन्यांचं काम रातोरात झालं बघा!”

येलदरीकडच्या एका गावात एकाच नावा-आडनावाचे दोन शेतकरी आहेत. चुलत भाऊच ते. दोघांनाही आजोबांचे नाव ठेवलेले. माझ्या जुन्या वहीत दोघांच्या नावांपुढे बापाचे नाव होते. नव्या यंत्रात नाव आणि गाव एवढेच चढले होते. एकाने 40,000 रुपये उचल घेतलेली. दुसऱ्याच्या सोयाबीनचे 31,500 रुपये आम्ही देणे लागत होतो. एजंटाने दोघांचा एक माणूस केला. धनत्रयोदशीला तो दुसरा आपले पैसे न्यायला आला, तेव्हा गल्ल्यावरच्या पोराने पडद्याकडे पाहून भर दुकानात सांगितले, “काका, उलट साडेआठ हजार तुमच्याकडेच निघतात.”

तो माणूस काही बोलला नाही. ओट्यावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बरोबर आलेल्या नातवाला कपडे घ्यायचे होते. मी जुनी वही काढली, शेठजींनी त्याचे पैसे तिथल्या तिथे मोजून दिले. पण चार लोकांदेखत तो कर्जदार ठरला, ते कुठल्या खात्यात जमा करायचे? खाती पुन्हा वेगळी करायला पुढे चार दिवस लागले. कारण एकदा एक केलेली खाती त्या यंत्रात परत फुटत नाहीत.

आणखी एक गंमत पाहा. बदलाची नोंद यंत्राने ठेवली होती. त्यात लिहिले होते: रात्री 2 वाजून 15 मिनिटे, बदल करणार छोटे शेठ. ते तर घोरत होते! एजंटाला त्यांनी स्वतःचीच किल्ली दिली होती. नोंद असून खोटी.

यावर शहाणे म्हणतील, “मुनीमजी, माणूसही चुकतो.” चुकतो ना! मीही चुकलो आहे. परंतु माझी लेखणी दिवसाउजेडी एकेक ओळ लिहीत असे, आणि संध्याकाळी मालक ती वाचीत. माझी चूक एका ओळीची असे आणि तिच्यामागे जाब विचारायला मी असे. दुसरे म्हणतील, “पुढचा एजंट अधिक हुशार निघेल.” निघू द्या. हुशार मुनिमाला कोणी तिजोरीची किल्ली देऊन गावाला जातो काय?

“त्याला नीट बजावून ठेवा,” असेही सांगतात. जुलै 2025 मध्ये अमेरिकेतल्या जेसन लेमकिन या उद्योजकाने रेप्लिट कंपनीच्या एजंटाला ‘आता काही बदलू नकोस’ असे बजावले होते. तरी त्याने चालू माहितीचा साठा पुसला. वर तो परत येणार नाही असेही सांगितले, आणि तो परत आणता आला! कंपनीचे प्रमुख अमजाद मसाद यांनी हे घडणे शक्यच असता कामा नये, असे जाहीर कबूल केले. त्यांनी उपाय काय केला? प्रयोगाचा साठा आणि चालू साठा यांच्यामध्ये भिंत घातली. उपदेशाने भागत नाही, कुलूपच लागते.

आणि हे कुलूप आपल्याकडे जुनेच आहे. आम्ही मुनीम आधी कच्ची कीर्द लिहीत असू. ती तपासली गेली की मगच पक्की. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट म्हणून व्यापाराचे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यात हीच रीत आढळते. बिल आधी मसुदा असते. ‘सबमिट’ केले की पक्के. पक्क्यात गुपचूप फेरफार होत नाही. ते रद्द करून नवे करावे लागते आणि जुने जागेवर दिसत राहते. मुख्य म्हणजे, मसुदा लिहिण्याची परवानगी निराळी आणि पक्के करण्याची निराळी.

तिथे कमांड लाइनने शिरण्याच्या दोन वाटाही आहेत. एक ‘बेंच’ नावाचे साधन. ते सर्व्हरची मांडणी आणि देखभाल करणाऱ्यासाठी आहे. ते ज्याच्या हाती, त्याला परवानग्यांची आडकाठी सहसा उरत नाही. हे मागचे दार. दुसरी वाट म्हणजे एजंटाच्या नावाने वेगळे खाते उघडून त्याची वेगळी किल्ली करावी आणि साधनाने ती घेऊन पुढच्या दाराने यावे. मग त्याला जेवढी परवानगी तेवढेच त्याला दिसेल, तेवढेच लिहिता येईल, आणि नोंदीत त्याचेच नाव उमटेल. वाट पाहिजे तर पुढची घ्या! येलदरीचे पाणी शेताला हवे म्हणून कोणी धरणाची भिंत फोडत नाही. दरवाजा उचलतात, तोही किती उचलायचा ते ठरवून.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक बदलाची नोंद ठेवलीच पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना लागू आहे. आमच्या मोंढ्यातल्या घरगुती पेढ्या कंपनी कायद्याखाली येत नाहीत. म्हणून आम्ही मोकळे काय? शेतकरी आमच्या वहीवर विश्वास ठेवतो तो कायद्याच्या कलमाकडे पाहून नव्हे.

छोट्या शेठांनी यंदा माझे ऐकले आहे. एजंटाला स्वतःचे नाव मिळाले, स्वतःची किल्ली मिळाली. तो बाक्या वाचतो, मसुदे लिहितो, शंका असेल ती खाती वेगळी काढून दाखवतो. खाती एक करण्याचा आणि पक्के करण्याचा अधिकार त्याला नाही; संध्याकाळी छोटे शेठ ते स्वतः पाहून करतात. काम थोडे सावकाश होते. होऊ द्या.

वाचकहो, यंदा लक्ष्मीपूजनाला आपल्या दुकानात वहीबरोबर संगणकालाही हळदकुंकू वाहिले जाईल. वाहण्याआधी घरच्या पोरांना एवढे विचारा: आपल्या हिशेबाच्या किल्ल्या किती, कोणाकोणाच्या नावाने, आणि पक्के करणारा हात कोणाचा? उत्तर चटकन आले नाही, तर पूजा जरा थांबवा आणि आधी किल्ल्या मोजा.