क्राफ्ट्समन हाही हुद्दाच आहे

आपल्या मासिकात दर वर्षी 'माझे ध्येय' या विषयावर चार-पाच लेख तरी असतात. कुणाला लढाऊ विमान चालवायचे असते, कुणाला पाणबुडीवर जायचे असते, कुणाला पॅरा रेजिमेंटची लाल टोपी हवी असते. मी स्वतः एनडीएची तयारी करतो आहे, त्यामुळे या लेखांची मी थट्टा करणार नाही. पण सहा वर्षांत एकाही लेखात "मला स्वतःचे वर्कशॉप काढायचे आहे" असे वाक्य माझ्या वाचनात आले नाही. हे वाक्य आपल्या पानांवर यायला हवे आणि ते वाचताना कुणी हसता कामा नये, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

खरे तर सैन्याने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. ईएमई ही कोअर १५ ऑक्टोबर १९४३ रोजी उभी राहिली. तोफखान्यात जवानाला गनर म्हणतात, इंजिनिअर्समध्ये सॅपर म्हणतात, तसे ईएमईमध्ये त्याला क्राफ्ट्समन म्हणतात. म्हणजे कारागीर हा तिथे हुद्दा आहे. कोअरचे ब्रीदवाक्यच 'कर्म ही धर्म' असे आहे. माझे वडील याच कोअरमध्ये व्हेईकल मेकॅनिक होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते सांगतात, युनिटमध्ये नवा माणूस आला की त्याला नावानंतर पहिला प्रश्न "ट्रेड कोणता?" हाच विचारत, आणि उत्तर छाती काढून दिले जाई.

गणवेश उतरला की मात्र त्याच प्रश्नाचे उत्तर खालच्या आवाजात येते. माझ्या थोरल्या भावाने दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड घेतला. लग्नाकार्यात पाहुण्यांनी विचारले की "धाकटा मिलिटरी स्कूलला आहे" हे घरातले सगळे मोठ्याने सांगत आणि "थोरला आयटीआयला आहे" हे सांगताना लगेच चहाचा विषय निघे. ज्या घराची चूल एका मेकॅनिकच्या पगारावर पेटली त्या घरात हे होते, तर इतर घरांत काय होत असेल?

दादाचा ट्रेड म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही. आमचे गाव सांगली जिल्ह्यात आहे. ऊस आणि द्राक्षे ही पिके, आणि पाणी विहिरीचे नाहीतर बोअरचे. म्हणजे सगळी शेती विजेच्या मोटरवर उभी. ही मोटर तीन फेजवर चालते. त्यातली एक फेज गेली तरी चालू मोटर थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, त्या दोन्हींत करंट वाढतो, आणि थोड्याच वेळात आतले वायंडिंग जळते. असे होऊ नये म्हणून स्टार्टरमध्ये संरक्षण असते. पण शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. संरक्षणामुळे मोटर सारखी बंद पडते आणि अंधारात विहिरीपर्यंत जावे लागते, म्हणून काही जण ते काढूनच टाकतात. मग एप्रिलमध्ये, ऐन उन्हात, मोटर जळते.

मोटर जळाली की शेतकऱ्याची घड्याळाशी शर्यत सुरू होते. ती विहिरीतून किंवा बोअरमधून वर ओढायची, तालुक्याला न्यायची, तिथल्या रांगेत टाकायची. कारागीर जुनी तार कापून काढतो, खाचा साफ करतो, नवा इन्सुलेशन कागद बसवतो, तांब्याची तार मोजून गुंडाळतो, जोडण्या करतो आणि शेवटी मेगरने तपासतो. एक वेढा कमी पडला किंवा तारेची जाडी चुकली तरी मोटर पुन्हा जळणार. काम एका दिवसाचे असले तरी हंगामात नंबर यायला चार-पाच दिवस लागतात. तेवढे दिवस उभे पीक पाण्यावाचून. त्या आठवड्यात गावाला सर्वांत गरजेचा माणूस कोण, हे त्या शेतकऱ्याला विचारावे.

दादा सध्या तालुक्याच्या एका दुकानात हे काम करतो. गावातच स्वतःचे रिवाइंडिंगचे दुकान काढायचा त्याचा बेत आहे. सगळा बेत त्याने एका दोनशे पानी वहीत लिहिला आहे. सुट्टीत मी ती वही वाचली. पहिल्या पानांवर हत्यारांची यादी आहे : वायंडिंग मशीन, मेगर, टाँग टेस्टर, चेन पुली, मोटर ओढायची तिपाई. पुढे भांडवल आहे. मुद्रा योजनेत 'किशोर' गटात ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि तारण लागत नाही, हे त्याने बँकेत जाऊन विचारून आणले आहे. कोटेशन कुणाकुणाकडून घ्यायची हेही लिहिले आहे.

पण मला त्या वहीतली पुढची पाने अधिक महत्त्वाची वाटली. तिथे चार नियम आहेत. पहिला : दुकानात दोन चालू मोटरी कायम शिल्लक ठेवायच्या आणि ज्याची मोटर दुरुस्तीला आली आहे त्याला तेवढे दिवस बदली मोटर थोड्या भाड्याने द्यायची. दुसरा : दराचा फलक भिंतीवर, आणि प्रत्येकाला बिल. तिसरा : दर वर्षी गावातली दोन मुले हाताखाली घेऊन शिकवायची, त्यात एक मुलगी असली तर उत्तम. चौथा : झेडपीची शाळा आणि अंगणवाडी यांचे वायरिंग आणि अर्थिंग दर पावसाळ्याआधी तपासून, आढळलेले दोष लेखी कळवायचे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. "हा धंदा आहे, सेवा कसली? सेवा करायची तर मोटरी फुकट दुरुस्त कराव्यात." मी दादाला हेच विचारले तेव्हा तो म्हणाला, "फुकटच्या कामाला वॉरंटी नसते रे." मला हे उत्तर पटते. फुकट काम करणारा थकला की काम थांबते. आणि त्याच्याकडे तक्रार कोणत्या तोंडाने करायची? पैसे घेणारा बांधलेला असतो. नफा झाला तरच बदली मोटर विकत घेता येते, हाताखालच्या मुलांना पगार देता येतो, आणि पुढच्या एप्रिलमध्ये दुकान उघडे असते. लष्करातही पगार घेऊनच सेवा होते. म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो वडिलांचा आहे. "गावातली दुकाने कामाअभावी बुडत नाहीत, उधारीने बुडतात." शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो उसाचे बिल आल्यावर किंवा द्राक्षे विकल्यावर. तांब्याच्या तारेचे पैसे मात्र आजच मोजावे लागतात. शिवाय गिऱ्हाईक म्हणजे कुणी चुलते, कुणी मामा, कुणी शाळासोबती. नाही कसे म्हणायचे? दादाने यावर तोडगा काढला आहे : तारेची किंमत रोख, मजुरी हंगामावर, आणि नोंद दोघांच्या सहीने. तो टिकेल की नाही हे वेळ ठरवील. पण ज्याला स्वतःच्या चुलत्याकडे सही मागायची आहे त्यालाही धैर्य लागतेच. नेतृत्वगुण आपल्याला एसएसबीच्या ग्रुप टास्कमध्ये दाखवायचे असतात. त्याला ते रोज दुकानाच्या फळीवर दाखवावे लागणार आहेत.

आपण बेळगावात शिकतो, म्हणून एका माणसाची आठवण इथे करायलाच हवी. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये याच शहरात सायकलच्या दुकानाने झाली. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. मुंबईला जे. जे. कलाशाळेत ते गेले होते, पुढे व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, कडबा कापण्याची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे सुरुवातीला नांगर कुणी घेईना. १९१० मध्ये त्यांना बेळगाव सोडावे लागले आणि औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुट्टीला मिरजेहून पुण्याकडे जाणारे आपले मित्र ते स्टेशन खिडकीतून बघतात. आपल्या शहरात किर्लोस्कर रोड आहे. रविवारी आऊटिंगला गेल्यावर या नावाचा माणूस आधी सायकली विकत होता हे आठवायला हरकत नाही.

कुणी म्हणेल, हे सर्व ठीक आहे, पण आपली शाळा अधिकारी घडवण्यासाठी आहे. इथे वर्कशॉपचे कौतुक कशाला? मी शाळेचे ध्येय बदला असे म्हणत नाही. पण आकडे आपल्याला पाठ आहेत. एनडीएला प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. एसएसबीतून निवड होणाऱ्यांपेक्षा परत येणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते. आपल्यातलाच एखादा 'कॉन्फरन्स आऊट' होऊन एकोणिसाव्या वर्षी घरी पोहोचेल तेव्हा त्याला वाटेल की आता आपण कुणीच नाही. हे त्याला कुणी तोंडाने सांगितलेले नसते. सहा-सात वर्षे आपण फक्त एकाच प्रकारच्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या, त्यातून तो ते शिकलेला असतो.

हाच प्रश्न आता आणखी मोठा होणार आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीर चार वर्षे सेवा करतो. त्यानंतर प्रत्येक तुकडीतल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना कायम केले जाते आणि बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन घरी येतात. एकवीस ते पंचवीस वर्षांची, शिस्तीची, त्यातली अनेक तांत्रिक काम शिकलेली ही मुले असतील. त्यातल्या कुणी त्या पैशातून गॅरेज काढले, वेल्डिंगचे दुकान टाकले, तर गावाने त्याला "सैन्यातून परत पाठवला" म्हणायचे की "सेवेचा दुसरा भाग सुरू केला" म्हणायचे? उद्या अधिकारी होणाऱ्यांनी तरी याचे उत्तर आजच ठरवून ठेवावे, कारण ही मुले आपल्याच हाताखाली काम करून घरी जाणार आहेत.

जुलै २०२४ च्या शेवटी वायनाडमध्ये दरड कोसळली तेव्हा मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या जवानांनी चूरलमला इथे १९० फुटी बेली पूल उभारला. मेजर सीता शेळके या नगर जिल्ह्यातल्या मराठी अधिकाऱ्याचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आणि अभिमान बाळगला, तो योग्यच आहे. पण बेली पूल म्हणजे लोखंडी चौकटी. त्या खांद्यावर उचलून आणायच्या, एकीला दुसरी पिनांनी जोडायची, आणि सगळा सांगाडा पलीकडे ढकलायचा. हुकूम एकाचा असतो, पण पिना ठोकणारे हात अनेक असतात. पलीकडे अडकलेल्या माणसांसाठी त्यातली एकही पिन कमी महत्त्वाची नव्हती.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. करिअर मार्गदर्शनाच्या दिवशी अधिकारी, डॉक्टर यांच्याबरोबर स्वतःचे दुकान चालवणाऱ्या एका कारागिरालाही व्यासपीठावर बोलवावे, आणि त्यालाही तसाच सॅल्यूट मिळावा. दुसरी, बारावी होण्याआधी प्रत्येक कॅडेटला फ्यूज बांधणे, नळाचा वॉशर बदलणे, पंक्चर काढणे आणि प्लगला अर्थिंग आहे का ते तपासणे आले पाहिजे. हाऊसच्या स्पर्धांमध्ये याचेही गुण असावेत. तिसरी सूचना पालकांना. सुट्टीत पाहुणे आले की दोन्ही मुलांचे काम एकाच आवाजात सांगावे.

दादाची कर्जाची फाईल अजून बँकेत आहे. एका बँकेने वय कमी म्हणून टोलवले, दुसरीने पुढच्या महिन्यात बोलावले आहे. दुकानाला नाव काय द्यायचे ते ठरायचे आहे. मी 'क्राफ्ट्समन' सुचवले. दादाला ते लांब वाटते, पण वडिलांना आवडले आहे. आणि पाटीवर खाली लहान अक्षरांत मालकाचा ट्रेड लिहायचा, असे त्यांनीच सांगितले.